झोपलेल्या बाळाकडे कोण पाहते?

दुपारी दीडच्या सुमारास पाळणाघर एकदम शांत होते. वरण-भात भरवून झालेला असतो, तोंडे पुसून झालेली असतात, पडदे ओढलेले असतात आणि सतरंजीवर ओळीने दहा-बारा मुले आडवी झालेली असतात. सकाळपासून पायाला भिंगरी लावल्यासारख्या फिरणाऱ्या मावशींना आता कुठे टेकायला मिळते. कोणी आपला डबा उघडते, कोणी भांडी घासायला जाते, कोणी दाराशी बसून मोबाइल पाहते. मुले झोपली म्हणजे दोन तासांची सुट्टी, असा सगळ्यांचा समज असतो. पालकांचाही तोच असतो.

वैद्यकशास्त्र नेमके याच्या उलट सांगते. जागे मूल अडचणीत सापडले तर रडते, ओरडते, हातपाय झाडते. झोपेत श्वास अडलेले तान्हे बाळ बहुतेक वेळा आवाजसुद्धा करत नाही. म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाच्या बाबतीत झोपेचे तास हे पाळणाघराच्या कामाचे सर्वांत जोखमीचे तास असतात. पाळणाघर निवडताना आई-वडील जेवण काय देता, वेळ किती, फी किती, कॅमेरे आहेत का, हे सगळे बारकाईने विचारतात. ‘बाळाला झोपवता कसे आणि झोपल्यावर त्याच्याजवळ कोण असते?’ हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो विचारला गेला पाहिजे, आणि त्याचे उत्तर सरकारी नियमांत लिहिलेले असले पाहिजे.

कॅमेऱ्यांवरचा भरवसा समजण्यासारखा आहे. २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेल्या मारहाणीचे चित्रीकरण सगळ्या राज्याने पाहिले आणि तेव्हापासून पाळणाघराची सुरक्षितता म्हणजे सीसीटीव्ही, हे समीकरण पक्के झाले. इंग्लंडमधल्या एका घटनेने या समीकरणाची मर्यादा दाखवली. मे २०२२ मध्ये मँचेस्टरजवळच्या एका पाळणाघरात नऊ महिन्यांच्या मुलीला दुपट्यात घट्ट गुंडाळून, पालथी घालून बीनबॅगला पट्ट्याने बांधून झोपवण्यात आले. दीड तासाहून जास्त वेळ ती तशीच होती. ती रडली, धडपडली, आणि मग शांत झाली. ती शांतता झोपेची आहे, असे समजले गेले. २०२४ मध्ये न्यायालयाने काळजीवाहिकेला सदोष मनुष्यवधासाठी १४ वर्षांची शिक्षा दिली. हे सगळे कॅमेऱ्यात टिपले गेले होते. खटल्यात ते चित्रीकरण पुरावा म्हणून उपयोगी पडले. त्या दुपारी त्या मुलीला त्याचा उपयोग झाला नाही. कॅमेरा नोंद ठेवतो, बाळाला उचलून घेत नाही.

बाळाला उताणे झोपवावे, हा सल्ला आज साधा वाटतो. पण एकेकाळी डॉक्टरच पालथे झोपवायला सांगत. बाळाला ओकारी आली तर ती बाहेर पडेल, हा त्यामागचा विचार होता आणि तो चुकीचा निघाला. वरवर निरोगी असलेले, वर्षाच्या आतले बाळ झोपेत अचानक दगावते आणि शवविच्छेदन, घटनास्थळाची पाहणी व पूर्वेतिहास तपासूनही कारण सापडत नाही, तेव्हा त्याला ‘सडन इन्फन्ट डेथ सिंड्रोम’ म्हणजे सिड्स म्हणतात. असे मृत्यू सर्वांत जास्त दोन ते चार महिन्यांच्या वयात होतात. सुमारे ९० टक्के सहा महिन्यांच्या आत होतात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्स, ब्रिटन आणि न्यूझीलंडमधल्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली, ती म्हणजे पालथ्या झोपणाऱ्या बाळांमध्ये हे मृत्यू कितीतरी जास्त होते. ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली ‘बाळाला पाठीवर झोपवा’ अशी मोहीम सुरू झाली. अमेरिकेत १९९० साली दर एक लाख जिवंत जन्मांमागे सुमारे १३० बाळे सिड्सने दगावत होती. दहा वर्षांत हा आकडा निम्म्यावर आला. त्यासाठी ना नवे औषध लागले, ना लस, ना यंत्र. झोपवण्याची पद्धत बदलली, एवढेच.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पालथे झोपलेल्या बाळाचे नाक-तोंड गादीत दबते. मऊ गादीत त्याच्या चेहऱ्याभोवती त्याच्याच उच्छ्वासाची हवा साठते. त्या हवेत प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, आणि बाळ तीच हवा पुन्हा पुन्हा आत घेत राहते. मोठे माणूस अशा वेळी झोपेतच मान वळवते किंवा दचकून जागे होते. काही बाळांमध्ये मेंदूच्या तळाशी असलेली ही जागे करणारी यंत्रणा पुरेशी तयार झालेली नसते. बाहेरून पाहून असे बाळ ओळखता येत नाही. त्यामुळे खबरदारी सगळ्याच बाळांच्या बाबतीत घ्यावी लागते.

दूध श्वासनलिकेत जाईल, ही भीती आजही आजीपासून मावशीपर्यंत सगळ्यांना असते. शरीररचना पाहिली तर उत्तर मिळते. बाळ उताणे असते तेव्हा श्वासनलिका वर आणि अन्ननलिका तिच्या खाली असते. वर आलेले दूध खालच्या बाजूला, म्हणजे अन्ननलिकेतच परतते. पालथ्या बाळात हे उलटे होते; श्वासनलिका खाली येते आणि दूध तिच्या तोंडाशी साचू शकते. पाजल्यावर ढेकर काढणे चांगलेच, पण ढेकर आली नाही म्हणून बाळाला पालथे किंवा कुशीवर झोपवू नये. कुशीवरचे बाळ सहज पालथे होते.

हा प्रश्न घरापेक्षा पाळणाघरात वेगळा का ठरतो, याचे उत्तर अमेरिकेत २०००च्या सुमारास मिळाले. सिड्सच्या मृत्यूंपैकी सुमारे २० टक्के मृत्यू घराबाहेरच्या देखभालीत झालेले आढळले. बाळे तिथे जितका वेळ घालवतात, त्या मानाने ८ टक्क्यांच्या आसपास मृत्यू अपेक्षित होते. त्यांतले जवळपास एकतृतीयांश मृत्यू पाळणाघरातल्या पहिल्याच आठवड्यात झाले होते आणि त्यांतले निम्मे पहिल्याच दिवशी. यामागचे एक मोठे कारण असे, की घरी उताणे झोपणाऱ्या बाळाला नव्या जागी कोणीतरी पालथे झोपवले होते. ज्याला पालथे झोपण्याची सवय नाही, अशा बाळाला अचानक पालथे झोपवले तर धोका १८ पटींपर्यंत वाढू शकतो. रडणारे नवे बाळ, त्याची सवय नसलेली मावशी, आणि ‘पालथे घातले की लगेच झोपते’ हा जुना अनुभव, असे तिन्ही एका दुपारी एकत्र येतात.

‘हे सगळे तिकडचे. आपल्याकडे बाळ सहा महिन्यांनंतरच पाळणाघरात येते,’ असे यावर म्हणता येईल. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली, हे खरे. पण ती मिळते संघटित क्षेत्रातल्या नोकरदार आईला. धुण्याभांड्याची कामे करणारी, बांधकामावर विटा वाहणारी, फडात ऊस तोडणारी आई दीड-दोन महिन्यांत कामाला लागते. तिचे बाळ शेजारणीकडे, मोठ्या बहिणीकडे किंवा वस्तीतल्या छोट्या पाळणाघरात असते, आणि ते नेमके सर्वांत धोक्याच्या वयाचे असते. दुसरे म्हणजे, सहा महिन्यांनी सिड्सचा धोका कमी होतो, पण गुदमरण्याचा, अडकण्याचा, फास बसण्याचा धोका संपत नाही. इंग्लंडमधली ती मुलगी नऊ महिन्यांची होती.

आता आपल्या घरांत आणि पाळणाघरांत बाळाच्या अंगाखाली-अंगावर काय असते ते पाहू. डोके गोल व्हावे म्हणून राईची उशी. दोन्ही बाजूंना लोड. अंगावर गोधडी. डोक्याला कुंची. गळ्यात काळा दोरा आणि त्यात ताईत. हे सगळे मायेपोटी केलेले असते, म्हणून त्याची टिंगल करणे बरोबर नाही. पण झोपेच्या वेळी यातले काहीही बाळाजवळ नको. वर्षाच्या आतल्या बाळाला उशी लागतच नाही. सतत एका बाजूला मान ठेवल्याने आलेला डोक्याचा चपटेपणा, बाळ जागे असताना रोज थोडा वेळ आपल्या समोर पालथे घातल्याने आणि मानेची बाजू बदलत राहिल्याने बहुधा भरून निघतो. सैल गोधडी तोंडावर येते. कुंचीने डोके तापते, आणि अंग जास्त तापणे हाही झोपेतल्या मृत्यूचा एक धोका आहे. विदर्भात मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत दोन कपडे चढवून, दुपट्यात बांधून झोपवलेल्या बाळाला तर उष्माघातही होऊ शकतो. बाळाचे हातपाय गार लागतात म्हणून कपडे चढवू नयेत. छातीला किंवा मानेमागे हात लावून पाहावे. गळ्यातला दोरा कशालाही अडकून फास बसू शकतो. नजरेची काळजी असलेल्या आईला कमरेचा करदोटा पुरेल. गळा मोकळा असावा.

साडीच्या झोळीबद्दल थोडे वेगळे बोलायला हवे. फडाच्या बांधावर किंवा बांधकामाच्या ठिकाणी विंचू-काट्यापासून बाळाला वर ठेवणारी झोळी हा त्या आईपुढचा अनेकदा एकमेव पर्याय असतो. मात्र झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि लहान बाळाची श्वासाची वाट चिंचोळी होते. कारची सीट, बाउन्सर यांचेही तसेच. त्यात बाळ झोपले तर त्याला उचलून सपाट जागी ठेवावे. जिथे छप्पर आणि फरशी आहे, अशा पाळणाघरात झोळीला जागा नसावी. आणि इथे आपल्या जुन्या पद्धतीची एक जमेची बाजूही सांगायला हवी. स्वच्छ फरशीवर अंथरलेली घट्ट, पातळ कापसाची गादी आणि तिच्यावर ताणून खोचलेली चादर ही महागड्या मऊ गादीपेक्षा बाळासाठी सुरक्षित असते. तिथून पडण्याचीही भीती नाही. सुरक्षित झोपेसाठी पैसे खर्चून काही आणण्यापेक्षा बाळाजवळच्या वस्तू कमी करणे जास्त महत्त्वाचे आहे.

एक गोष्ट मात्र अजिबात खपवून घेता येणार नाही. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या कित्येक स्त्रिया मुलांना ‘बाळागोळी’ देऊन कामावर जात. त्या गोळीत अफू असे. सरकारी अहवालांत याची नोंद आहे. त्या आयांकडे मूल सांभाळायला दुसरे कोणी नव्हते. आज अफू गेली, पण झोप आणणारे सर्दी-खोकल्याचे औषध दुकानात सहज मिळते. ‘जरा शांत झोपेल’ म्हणून चमचाभर पाजणे म्हणजे बाळागोळीचीच नवी आवृत्ती. क्लोरफेनिरामीन आणि फेनिलेफ्रीन यांचे मिश्रण असलेले औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचे आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये दिले. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालील मुलाचा श्वास मंदावू शकते. पाळणाघरात कोणतेही औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणि पालकांच्या लेखी सूचनेशिवाय दिले जाऊ नये, आणि दिलेल्या प्रत्येक मात्रेची नोंद हवी. तोंडात बाटली देऊन, ती उशीला टेकवून बाळाला झोपवणेही बंद झाले पाहिजे. झोपेत दूध श्वासनलिकेत जाण्याचा खरा धोका तिथे आहे.

आता माणसांचा हिशेब. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय केली पाहिजे, ही २०१७ ची तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येते. या पाळणाघरांसाठी केंद्राने २०१८ मध्ये किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक सेविका आणि प्रत्येक मुलामागे १० ते १२ चौरस फूट जागा सुचवली आहे. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालील तीन मुलांमागे एक माणूस लागतो. दहा मुलांत चार तान्ही असतील आणि एकाला जुलाब लागले, तर उरलेल्या नऊ जणांकडे पाहणार कोण? आग लागली तर दोन हातांनी ती किती बाळे बाहेर काढील? जागेचेही तसेच. लहान मुलाची सतरंजी दोन फूट बाय चार फूट धरली तरी ८ चौरस फूट तिच्यातच जातात. जंतुसंसर्ग पसरू नये म्हणून दोन बिछान्यांत तीन फूट अंतर असावे, असे अमेरिकेतली मानके सांगतात. आपल्या हिशेबात मुले एकमेकांच्या उच्छ्वासात झोपतात, आणि एकाचा खोकला आठवड्याभरात सगळ्यांचा होतो.

खासगी पाळणाघर चालवणाऱ्या बाईंचे म्हणणेही ऐकायला हवे. माणसे वाढवली की फी वाढते, फी वाढली की मुले काढून घेतली जातात आणि ती मुले आणखी स्वस्त, आणखी गर्दीच्या ठिकाणी जातात. हा आक्षेप खोटा नाही. पण सुरक्षित झोपेच्या बहुतेक उपायांना पैसे लागत नाहीत. उताणे झोपवणे, उशी काढणे, पंखा चालू ठेवणे, चेहरा दिसेल इतका उजेड ठेवणे, दर दहा मिनिटांनी प्रत्येक बाळाजवळ जाऊन छाती हलते आहे का, ओठांचा रंग बरा आहे का, हे पाहून तक्त्यावर खूण करणे, हे आजपासून करता येते. सेविकेला श्वास मोजायला शिकवणेही अवघड नाही. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा त्याहून जास्त असेल तर ते न्यूमोनियाचे लक्षण असू शकते. तापातले मूल ‘बरे झाले, शांत झोपले’ असे वाटत असताना खालावत असते, हे अशा मोजणीने कळते.

जिथे पैसा लागतो, तिथे तो सरकारने आणि मालकांनी द्यायला हवा. मुंबईच्या बांधकामांवर १९७२ पासून ‘मोबाइल क्रेशेस’ने मजुरांच्या मुलांची पाळणाघरे चालवून दाखवली आहेत. ‘पालना’ योजनेखाली देशात १७,००० अंगणवाडी तथा पाळणाघरांचे उद्दिष्ट ठेवले गेले. सहा महिन्यांपासूनची मुले तिथे येणार आहेत. इमारत आणि पोषण आहार यांच्या जोडीने झोपेचे नियम या केंद्रांच्या पहिल्याच प्रशिक्षणात असावेत.

महाराष्ट्राने चार गोष्टी नियमांत घालाव्यात. प्रत्येक पाळणाघराची नोंदणी, मग ते कंपनीतले असो की घरातल्या दोन खोल्यांतले. वर्षाखालील तीन-चार बाळांमागे एक व्यक्ती, आणि झोपेच्या वेळी ती त्याच खोलीत. सुरक्षित झोप आणि श्वास बंद पडल्यास करायचे प्रथमोपचार यांचे प्रशिक्षण, दरवर्षी उजळणीसह. १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटे त्या सेविकेच्याच हातात असतात. आणि बाळ दगावल्यास शवविच्छेदन व घटनास्थळाची पाहणी सक्तीची, शिक्षेसाठी कोणाला तरी शोधावे म्हणून नव्हे, तर पुढचे मूल वाचावे म्हणून. ‘दूध अडकले’ एवढ्यावर विषय मिटत राहिला तर कोणीच काही शिकत नाही.

पालकांनाही काही करता येईल. बाळाला पाळणाघरात पाठवण्याआधी महिनाभर घरी उताणे, बिनउशीचे झोपवावे आणि तीच पद्धत तिथे चालू ठेवण्यास लेखी सांगावे. पहिले काही दिवस बाळाला थोडाच वेळ ठेवावे. एकदा तरी दुपारी दोन वाजता, न कळवता तिथे जावे. बाळ स्वतःहून दोन्ही बाजूंना वळू लागले की त्याला उताणेच झोपवावे, मग ते झोपेत वळले तर परत उलटवायची गरज नाही. पण तोपर्यंत दुपट्यात बांधणे थांबलेले असले पाहिजे.

आणि मावशींबद्दल शेवटचे. सकाळी आठपासून उभ्या असलेल्या बाईने दुपारी दोन तास डोळ्यांत तेल घालून बसावे, असे सांगणे सोपे आहे. तिलाही जेवायचे असते, पाठ टेकायची असते. म्हणून तिच्या जेवणाच्या वेळी तिच्या जागी दुसरे कोणी बसेल, अशी पाळी ठरवणे हे चालकांचे काम आहे, आणि तिला त्या कामाचा नीट पगार देणे हे तिच्या भरवशावर कामाला जाणाऱ्या सगळ्यांचे. मूल झोपलेले असताना त्याच्याजवळ नुसते बसून राहणारी बाई रिकामी बसलेली नसते. ती त्या वेळी पाळणाघरातले सर्वांत महत्त्वाचे काम करत असते.